चाखणाऱ्याची जीभ

तिनं त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो साबण चाटत होता.

खोटं नाही. शाळेच्या मागच्या गल्लीत, साबणाच्या कारखान्याच्या भिंतीला पाठ लावून, चोरून बिडी ओढावी तसा. वडी जिभेच्या टोकाला टेकवली... डोळे मिटले... थांबला. मग बाजूला थुंकला, वर बघितलं — आणि समोर ती.

“भूक लागलीय का?” तिनं विचारलं.

तो इतका दचकला की वडी हातातून सटकली आणि घरंगळत थेट तिच्या चपलेपाशी आली. तिनं ती उचलली, फुंकर मारली, पुढं केली.

“घ्या. सांडलं तुमचं.”

“नाही, ते... तपासत होतो.”

“जिभेनं?”

“मग काय कानानं?”

तिला हसायचं नव्हतं. पण ओठ ऐकेनात.

ती शाळेत विज्ञान शिकवायला नुकतीच आलेली. आम्ल आणि आम्लारीचा धडा चालू होता, त्यामुळं पर्समध्ये कायम रंग बदलणाऱ्या कागदाच्या पट्ट्या. दिसेल त्याला पट्टी लावायची — दह्याला, राखेला, दातांच्या पेस्टला. मुलांनी नाव ठेवलं होतं पट्टीबाई. नवीन माणसाला वाटायचं, बाई मारकुट्या असतील.

“आमच्याकडं नियम आहे,” ती म्हणाली. “प्रयोगशाळेत काहीही तोंडात घालायचं नाही. घातलं तर वर्गाबाहेर.”

“म्हणून तर मी भिंतीबाहेर उभा आहे.”

हे त्यानं अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं. मग त्यानं समजावलं. तेलात कॉस्टिक सोड्याचं पाणी घालून घोटत राहायचं. सगळं कॉस्टिक तेलात मुरलं की साबण शांत झाला म्हणायचं. थोडं जरी मोकळं उरलं तर तो चावरा. चावरा साबण जिभेला लागला की वीज चावल्यासारखं होतं. त्यांच्या कारखान्यात शांत की चावरा, हे जीभ ठरवते.

“तुमची जीभ?”

“नाही नाही. बाबांची.” त्यानं फाटकाकडं बघितलं, आवाज खाली घेतला. “मी आपला... असंच.”

तिनं पट्टी काढली, ओली केली, वडीवर घासली. हिरवट-निळा रंग आला.

“साबण म्हटलं की थोडा आम्लारीधर्मी असतोच,” ती म्हणाली. “हा रंग ठीक आहे. गडद जांभळा झाला तर पळायचं.”

“कुठं?”

“नळाकडं.”

तो हसला. जाताना म्हणाला, “बाई, एक पट्टी देता का?” तिनं दिली. त्यानं ती शर्टाच्या खिशात ठेवली. वापरली नाही... हे तिला पुढं कळलं.

मग तिनं त्याला वर्गात बोलावलं, मुलांना साबण कसा होतो ते सांगायला. आला. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी. मुलांनी प्रश्न विचारून हैराण केलं. एकानं विचारलं, “काका, साबण चाटून पोट साफ होतं का?” तो म्हणाला, “पोटाचं माहीत नाही, तोंड होतं. तुझ्या बाईंना विचार, तुझ्यासाठी एक पाठवू का.” वर्ग हसून लोळला. पण तास संपला तरी तो निघेना. मागच्या बाकावर बसून कुणाचं तरी पुस्तक चाळत होता.

“शाळा अर्धी सुटली माझी,” तो म्हणाला. “आई गेली, बाबा कारखान्यात एकटे पडले... हा धडा माझ्या वेळी आलाच नाही.”

“मग आता करू,” ती म्हणाली. एवढं सहज म्हणाली की नंतर तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

शाळा सुटली की तो यायचा. रिकामी प्रयोगशाळा, खिडकीतून तिरपं ऊन, टेबलावर परीक्षानळ्या. ती सांगायची — निळा लिटमस लाल झाला तर आम्ल. लाल निळा झाला तर आम्लारी. आम्ल पाण्यात थेंब थेंब ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही, उसळतं.

“आमच्याकडंही तेच,” तो म्हणायचा. “कॉस्टिक पाण्यात टाकायचं. उलटं केलं की तोंडावर येतं.”

“मग निम्मा धडा येतोच तुम्हाला.”

“उरलेला निम्मा सावकाश शिकवा.”

एकदा परीक्षानळी देताना तिला दिसलं — त्याच्या बोटांची टोकं एकदम गुळगुळीत. रेषाच नाहीत.

“कॉस्टिकनं खाल्ल्या,” तो म्हणाला. “आता मी कुणाचा खून केला तरी सापडणार नाही.”

“तळहातावर आहेत का?”

त्यानं हात उघडून पुढं केला. ती वाकून बघत राहिली. हात धरला मात्र नाही. नळ तेवढा टपकत होता.

आणि मग लिंबाचा दिवस आला.

त्या दुपारी तिनं वर्गासाठी लिंबं कापली होती. एक फोड उरली. “आम्ल आंबट असतं,” ती म्हणाली. “हे मात्र चाखायला माझी परवानगी आहे. घरून आणलंय. घाबरता?”

“मी चावरा साबण चाखणारा माणूस. लिंबाला घाबरू?”

त्यानं फोड उचलली आणि खाल्ली. सालासकट. बियांसकट. डोळ्यांत पाणी, कान लाल, पण चेहरा मात्र दगडासारखा. ती हसली — इतकी हसली की टेबल धरून उभं राहावं लागलं. या गावात आल्यापासून ती अशी हसलीच नव्हती. तो बघत राहिला. मग घाईनं उठला. “जातो. उद्या जाणारा साबणाचा घाणा बघायचाय.”

थोड्या वेळानं परत आला, कागदात गुंडाळलेल्या दोन वड्या घेऊन.

“नव्या घाण्यातल्या. बाकी सगळा माल उद्या बाळांच्या दवाखान्यात जाणार आहे, दुपटी धुवायला. तुम्हाला आजच.”

तिनं वड्या घेतल्या. कागद अजून कोमट होता.

घरी मावशी शिलाई मशीनवर बसली होती. ती मावशीकडंच राहायची. मावशी लोकांचे कपडे शिवायची, आणि तिची जीभ सुईपेक्षा धारदार.

“हे काय?”

“साबण.”

“कुणी दिला?”

“साबणवाल्यानं.”

“अगं बाई,” मावशीनं मशीन थांबवलं. “दुसऱ्या पोरींना फुलं देतात. तुला म्हणतात अंघोळ कर.”

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. ती बाजारातून परत आली तर मावशी मोरीपाशी पाटावर बसलेली. बाजूला चादरी पिळून ठेवलेल्या. दोन्ही हात मांडीवर, उताणे. लालभडक. बोटांच्या बेचक्यांतली कातडी सुटलेली.

“काही नाही गं,” मावशी म्हणाली, पण आवाज बारीक झाला होता. “जरा चरचरतंय. लिंबू चोळते, साबणाला लिंबू मारतं ना.”

“नाही! मावशी, लिंबू नको. काहीच नको. पाणी... नुसतं पाणी.”

तिनं मावशीचे हात नळाखाली धरले. धरून ठेवले. उघड्या जखमेवर आम्ल पडलं तर जळतंच, वर आम्ल-कॉस्टिकच्या झटापटीत उष्णता निघते ती वेगळी... हे ती मुलांना वर्गात सांगायची.  मावशी डोळे मिटून, दात आवळून उभी. या हातांनी ती उद्या सुई कशी धरणार?

पाणी वाहून वाहून मावशी म्हणाली “पुरे”, तरी ती थांबली नाही. मग ओल्या हातानंच पर्स उघडली. पट्टी वडीवर घासली.

गडद जांभळी.

बाळांचा दवाखाना... दुपटी...

ती धावत सुटली.

कारखान्याच्या अंगणात टेम्पोत पेट्या चढत होत्या. सकाळचं चाखणं नुकतंच झालं होतं. तिथली रीतच ती — सगळे कामगार गोळा व्हायचे, त्याचे वडील मधोमध उभे राहायचे, वडी जिभेला लावायचे आणि एकच शब्द बोलायचे. तो शब्द मिळाल्याशिवाय एक पेटी फाटकाबाहेर जायची नाही. आज मिळाला होता.

तिनं त्याला हात धरून भिंतीमागं ओढलं आणि पट्टी समोर धरली.

“गाडी थांबव. माझ्या मावशीचे हात सोलून निघालेत.”

त्यानं पट्टी बघितली. 

“बाबांनी आत्ताच शांत म्हटलंय...”

“मग त्यांची जीभ चुकली!”

“बाबांना जीभच नाही,” तो पुटपुटला. “म्हणजे... चव नाही, चटकाही कळत नाही. मागं मोठा ताप आला होता. ताप गेला, चव घेऊन गेला. कुणाला माहीत नाही. चहात साखरेऐवजी मीठ पडलं होतं एकदा, त्यांनी शेवटपर्यंत प्यायला. तेव्हा मला कळलं.”

“आणि तरी ते चाखतात?”

“आधी मी बघतो ना. लपून. चावरा असला तर म्हणतो, तेल आलं नाही, साचे ओले आहेत... काहीतरी कारण काढून घाणा मागं ठेवतो. त्यांना कळू देत नाही.” त्यानं मान हलवली. “हा पण बघितला होता. शांत होता. आईशपथ, जिभेला काहीच लागलं नाही!”

तिनं पट्टीकडं बघितलं. मग अगदी हळू विचारलं, “कधी बघितलास?”

“तुमच्याकडून आलो आणि लगेच...”

दोघं एकमेकांकडं बघत राहिले.

लिंबू.

“तुझ्या जिभेवर आम्ल होतं,” ती म्हणाली. “वडीतलं मोकळं कॉस्टिक जिभेला चावायच्या आधीच त्यात विरून गेलं. उदासिनीकरण... मीच शिकवलं तुला. आणि मीच...”  तिनं पट्टी मुठीत धरली. “मी सांगते त्यांना. माझी पट्टी दाखवते. तुझं नाव नको, त्यांच्या जिभेचंही नको.”

त्याला ते हवं होतं. तिला दिसलं, त्याला किती हवं होतं.

“नको,” तो म्हणाला. “त्यांच्याकडं तो एकच मान उरलाय. सगळ्यांसमोर बाहेरच्या माणसाच्या कागदानं तो काढून घेतला तर ते परत या अंगणात पाय ठेवणार नाहीत.”

“आणि तू काढून घेतलास तर?”

“तर... माझ्याशी बोलणार नाहीत बहुतेक. पण येतील तरी.”

टेम्पोचं इंजिन सुरू झालं.

तो गेला. टेम्पोच्या पुढ्यात उभा राहिला, ड्रायव्हरला हातानंच बंद कर म्हणाला. अंगण शांत झालं. वडील फाटकापाशी उभे होते — उंच, पांढऱ्या मिशा, हात मागं बांधलेले.

“काय झालं रे?”

“बाबा, हा घाणा चावरा आहे.”

“मी चाखलाय.”

“हो.”

त्यानं पेटीतली एक वडी उचलली. वडिलांसमोर उभं राहून जिभेला टेकवली. आज जिभेवर काही नव्हतं. त्याचे खांदे उडाले, डोळे भरून आले. तरी वडी त्यानं लगेच काढली नाही. वडिलांनी तो चेहरा बघितला. किती घाण्यांवर किती वर्षं तोच झटका त्यांनी स्वतः खाल्ला होता. त्यांना दुसरा पुरावा नको होता.

“थुंक,” ते म्हणाले. “थुंक आधी. कुणीतरी पाणी आणा रे.”

त्यानं चुळा भरल्या. वडील थांबले. मग खालच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “भिंतीमागं जाऊन बघून येतोस ना तू? मग हा सुटला कसा?”

त्यानं चमकून वर बघितलं.

“मला माहीत नव्हतं असं वाटलं होय? शर्टावर थुंकीचे डाग घेऊन येतोस गाढवा. तू येऊन काही बोलला नाहीस की मी म्हणायचो शांत. माझी जीभ तूच होतास की.”

कामगारांतलं कुणीतरी उगाच खाकरलं.

“लिंबू खाल्लं होतं मी,” तो म्हणाला. “चाखायच्या आधी.”

वडिलांनी डोळे मिटले.

“मला माहीत नव्हतं बाबा...”

“कसं असणार? मी सांगितलं कुठं?” त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला. “उभा जन्म मी आंबट तोंडात घातलं नाही. तुझी आई माझ्यापुरतं वेगळं काढायची. तुला वाटायचं, बाबांना आवडत नाही. आवडायचं रे... फार आवडायचं. पण चाखणाऱ्यानं आंबट खायचं नसतं. हे जुना चाखणारा नव्याला सांगतो. तुला सांगायचं म्हणजे तुला चाखणारा म्हणायचं. आणि तुला चाखणारा म्हणायचं म्हणजे... माझं संपलं, असं म्हणायचं. तेवढं होत नव्हतं माझ्याच्यानं.”

ते त्याच्याकडं वळले.

“लिंबू कुणी दिलं?”

तो जमिनीकडं बघायला लागला. ती भिंतीमागून पुढं आली.

“मी दिलं, काका.”

वडिलांनी तिच्याकडं बघितलं. मग त्याच्याकडं. मग परत तिच्याकडं.

“आणि यानं खाल्लं?”

“सालासकट.”

एक कामगार फिसकन हसला आणि लगेच गप्प झाला. वडील हसले नाहीत. पण मिशीचं एक टोक जरासं हललं, हे तिनं बघितलं.

“उतरवा पेट्या,” ते म्हणाले. “हा घाणा चावरा आहे. माझी जीभ गेलीय. सगळ्यांनी ऐकलं ना? मग परत विचारायचं नाही. यापुढं हा चाखेल. भिंतीमागं नाही — इथं, मधोमध.” आणि ते तिथंच एका पालथ्या पेटीवर बसले. कारखान्यात त्यांना बसलेलं याआधी कुणी पाहिलं नव्हतं.

चावरा साबण फेकत नाहीत. किसतात, जास्तीचं तेल घालून परत शिजवतात. मोकळं राहिलेलं कॉस्टिक ते तेल खाऊन टाकतं. सगळे हातमोजे घालून किसायला बसले. तीही बसली. तिच्या किसणीपुढं पांढरा ढीग वाढत गेला. 

“मी आता येणार नाही इकडं,” मग ती म्हणाली. “आणि धडाही पुरे. बाळांच्या अंगावर गेलं असतं हे. माझ्या एका गमतीपायी.”

त्याचा हात थांबला.

“गंमत तुमची नव्हती,” तो म्हणाला. “फोड नुसती चोखून टाकता आली असती. साल कोण खातं?”

“मग खाल्लंस कशाला?”

“तुम्ही बघत होता.”

किसणीचा आवाज बंद झाला.

“तुम्ही हसणार असं वाटलं. आणि हसलात. मग मला दुसरं काही आठवलंच नाही. ताप आलेल्या माणसासारखा घाणा बघितला मी काल... चूक माझी आहे बाई. चाखायला जाताना मी तिथं नव्हतोच. तुमच्याकडंच होतो.”

ती मान खाली घालून राहिली. मोज्यांवर साबणाचा कीस. डोळे पुसायचीही सोय नव्हती.

“उद्यापासून पट्टी वापरायची,” ती कशीबशी म्हणाली. “आधी पट्टी. जांभळी झाली तर जीभ लावायचीच नाही. कबूल?”

“कबूल. पण पट्ट्या कोण देणार? तुम्ही तर येणार नाही म्हणता.”

 तिची किसणी परत चालू झाली.

संध्याकाळी तो मावशीकडं गेला. दारात उभा राहिला, चपला काढू की नको अशा विचारात.

“ये, ये,” मावशी आतून म्हणाली. “बघू तरी, माझी साल काढणारा कसा दिसतो.”

तो आत आला आणि मावशीचे हात बघून तिथंच खाली बसला. डॉक्टरांनी मलम दिलं होतं. टेबलावर डबी उघडी होती.

“मावशी, मी... मला माफ...”

“ते राहू दे. मलम लावून माफी माग. माझं माझ्याच्यानं लागत नाही.”

त्यानं हात धुतले, बाहीला पुसले, परत धुतले. मग मावशीचा उजवा हात घेतला आणि मलम लावायला लागला. गुळगुळीत, बिनरेषांची बोटं... बेचक्यांत अलगद, कापूस फिरवावा तशी. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती.

“हलका हात आहे,” मावशी जरा वेळानं म्हणाली. “शिलाईला चालला असता. किती दिवस शिवता येणार नाही मला?”

“बरे होईपर्यंत मी येईन रोज. कपडे धुवून देईन, बटणं लावीन...”

“आणि माझ्या भाचीला काय करशील?”

तो लाल झाला. “त्यांना... मला त्या... म्हणजे मावशी, मी फार शिकलेलो नाही. साबणाशिवाय मला काही येत नाही. पण त्या आल्या नाहीत ना गल्लीत, तर मला दिवस कळत नाही.”

“हे तिला सांगितलंस?”

“नाही.”

“मग मला कशाला सांगतोस? ती काय बहिरी आहे? तुझ्या मागंच उभी आहे.”

तो वळला नाही. मान खाली घालून मलम लावत राहिला. डावा हात झाला, उजवा परत झाला. मागं पावलांचा आवाज आला. टेबलाची खुर्ची सरकली.

“अरे, तो माझा हात आहे,” मावशी म्हणाली. “सोड आता. झिजेल.”

त्यानं सोडला. मावशीनं दोन्ही हात उचलून मांडीवर घेतले आणि खिडकीकडं तोंड केलं.

टेबलावर आता दुसरा हात होता. सडपातळ. दिवसभर साबण किसून मनगटापाशी लाल झालेला, नखांत खडूची पांढरी कड. उताणा ठेवलेला... वाट बघत.

त्यानं डबीतलं मलम बोटावर घेतलं. तो हात आपल्या हातात घेतला. मलम लावून झालं, तरी सोडला नाही.

मावशी खिडकीतून बघतच राहिली. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं.